पॉइंटवर डब्लिन

८ जून २०२५, रविवार

वैष्णवीचा डब्लिनहून फोन. डॉक्टरांनी वीस सप्टेंबर तारीख दिली आहे. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं, पण तिला इकडे येता येत नाही. म्हणून माहेरानेच तिकडे जायचं ठरलं. माहेर म्हणजे सौ. आणि मी. आई तेवढे दिवस धाकट्याकडे आडगावला राहील.

सौ. म्हणाली, मनीषाकडून सरळ तिकीट काढून टाका. मनीषा म्हणजे इथं नाशिकात द्वारकेला आमच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर ट्रॅव्हल्सचं ऑफिस चालवते ती. मी नुसता हसलो. या काळात विमानाचं तिकीट विकत घेणं हा निव्वळ अडाणीपणा आहे, हे हिला कसं समजावणार.

माझ्याकडे पॉइंट आहेत, कार्डावर खर्च केला की जमतात आणि त्यावर विमानाचं तिकीट फुकट मिळतं ते. दुकानाचा सगळा माल, ठिबकच्या नळ्या, फवारणीचे पंप, सहा वर्षं मी क्रेडिट कार्डावर उचलतोय. भाऊबंदांचे फ्रिज, मेहुण्याच्या ट्रॅक्टरचे टायर, पुतणीच्या लग्नाचा हॉल, सगळं माझ्या कार्डावर. लोकांना वाटायचं चिमाजी अडीअडचणीला धावतो. धावत होतोच. पॉइंटकडे.

संकल्प: दोघांचं जाणं-येणं पॉइंटवर. वाटेत जग बघायचं. लग्नानंतर हिला महाबळेश्वरला नेतो म्हणालो होतो आणि शिर्डीला नेलं. एकोणतीस वर्षं ते मनात आहे. एकदाच काय ते फिटून जाईल.

सौ.ने दोनदा विचारलं, फुकट ना नक्की? पूर्ण फुकट, म्हणालो. तिला पटलं.

९ जून, सोमवार

सौ. सकाळीच द्वारकेला जाऊन आली. हाराचा दोरा आणायचा होता म्हणे. हिचा फुलपुडीचा उद्योग आहे. हिचा भाऊ बहिरू मखमलाबादला झेंडू, शेवंती करतो. तो पहाटे फुलं टाकून जातो, ही पुड्या बांधून इंदिरानगरात साठ घरी पोचवते. टाइमपास आहे. मी काही बोलत नाही, तेवढाच तिचा जीव रमतो.

मी दिवसभर नियम वाचले. सरळ डब्लिनला गेलं काय आणि मध्ये चार गावं थांबत गेलं काय, पॉइंट तेवढेच लागतात! एवढं छापून ठेवलेलं असताना लोक सरळ जातात. पंगतीला बसून वरणभातावर उठणारी माणसं.

१० जून, मंगळवार

वटपौर्णिमा. हिने वडाला सात जन्म मागितले. मी त्याच वेळेत वेबसाइटला दोन सीट मागत होतो. दोघांचंही लोडिंग चालू आहे.

१४ जून, शनिवार, सकाळी ११.२०

झालं बुकिंग. मुंबई–दुबई–इस्तंबूल–पॅरिस–डब्लिन. नऊ सप्टेंबरला निघायचं. दुबईत एक दिवस, इस्तंबूलला दोन, पॅरिसला बावीस तास. नावं मी स्वतः टाइप केली, कुणावर सोपवलं नाही. सहा अक्षरांचा पीएनआर मिळाला. तो कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवला, फॅमिली ग्रुपवर टाकला, दुकानात कॅलेंडरच्या बाजूला लावला.

मनीषा जिन्यात भेटली. तिला रूट सांगितला. काका, बाळंतपणाला चाललाय ना, असं म्हणाली. या धंद्यातल्या लोकांना आपल्यासारखा माणूस भेटला की जळफळाट होतोच.

२१ जून, शनिवार

आईने पंचांग काढलं. सात सप्टेंबरला ग्रहण, आठपासून पितृपक्ष. पितृपक्षात उंबरा ओलांडायचा नाही, तोही पोटुशीकडे जायला. नाहीच म्हणाली. त्याआधी निघावं तर घरात गणपती आणि गौरी. गौरींचं विसर्जन दोन तारखेला. म्हणजे तीन सप्टेंबर हाच पहिला मोकळा दिवस, आईला तोच पसंत.

मी म्हणालो, हे आधी सांगायचं. आई म्हणाली, तू विचारलं नाहीस, सूनबाईनं मात्र मागंच विचारलं होतं. सौ.ने कशाला विचारलं असेल कुणास ठाऊक.

तारीख बदलली. दोन क्लिक. दुबई गेली. त्या तारखेला तिथं सीट नाही. हरकत नाही. दुबई म्हणजे शेवटी मॉलच.

२ जुलै, बुधवार

वेबसाइटवर आमच्या बुकिंगपुढे पिवळं चिन्ह दिसतंय. फोन लावला. सत्तेचाळीस मिनिटं होल्ड. त्यांची ती पिपाणी आता मला पाठ आहे.

होल्डवर असतानाच दाराची बेल. एक बाई विचारत होत्या, सुवर्णाताई इथंच राहतात ना? इथं कुणी नाही, बी विंगला बघा, असं सांगून दार लावलं. लोक पत्ता नीट घेत नाहीत आणि दुसऱ्यांचा वेळ खातात.

शेवटी दिशा नावाची मुलगी लाइनवर आली. नाशिकचा म्हटल्यावर मराठीत बोलायला लागली. सटाण्याची निघाली. म्हणाली, काका, तुमचं बुकिंग शे, पन तिकीट नही. मी म्हणालो, पीएनआर आहे की, फ्रिजवर लावलाय. तिने समजावलं: पीएनआर म्हणजे साखरपुडा. तिकीट नंबर पडला म्हणजे लग्न लागलं. तुम्ही तारीख बदलली तेव्हा जुनं तिकीट मोडलं, नवं पडलंच नाही. मधली एक पार्टनर कंपनी होकार देईना.

म्हणजे अकरा दिवस आम्ही नुसत्या साखरपुड्यावर होतो. फॅमिली ग्रुपला कळवलं नाही. उगाच घाबरतील.

४ जुलै, शुक्रवार

सौ.ने माळ्यावरची मोठी बॅग काढून पुसून ठेवली. दोन महिने आधी! चेहऱ्यावर काळजी अशी नाहीच. एवढा विश्वास आजकाल बघायला मिळत नाही.

१९ जुलै, शनिवार

आयर्लंडचे व्हिसा आले. कागदपत्रं सगळी वैष्णवीने ऑनलाइन केली, ते माझं खातं नाही. माझं खातं रूट.

ग्रुपवर ‘पॅरिसला काय बघावं’ असं विचारलं. जावईबापूंनी फक्त एवढंच लिहिलं की पप्पा, या व्हिसावर पॅरिसमध्ये विमानतळाबाहेर पडता येत नाही. बावीस तास खुर्चीवर बसावं लागेल. त्यातून वैष्णवी म्हणाली, मम्मीचे पाय सुजतात.

पॅरिस काढलं. बदल नंबर तीन. आयफेल टॉवर फोटोतही बऱ्यापैकी दिसतो.

संध्याकाळी मनीषा दुकानात आली. नळीचं कनेक्टर हवं होतं. काका, इस्तंबूल तरी उरलंय का, असं विचारून गेली. कनेक्टरवर डिस्काउंट दिला नाही.

२९ जुलै, मंगळवार

नागपंचमी. इस्तंबूल ते डब्लिन सीट गायब.

आधी होत्या. पॅरिस काढलं तेव्हा सिस्टिमने सगळी वाट नव्याने मांडली, त्यात सांडल्या. दिशा म्हणाली, काका, प्रत्येक वेळी तुम्ही अख्खी वीण उसवताय. एक टाका बदलायला गेलं की पूर्ण स्वेटर उघडतो. सरळ जाणाऱ्या दोन सीट आज दिसताहेत, घेऊ का? इस्तंबूलला थांबा नाही, पण तीन तारखेलाच पोचाल.

विचार करून सांगतो म्हणालो.

विचार केला. सरळच जायचं तर मग माझा उपयोग काय?

३० जुलै, बुधवार

त्या सीट गेल्या. बरं झालं. मोह टळला.

९ ऑगस्ट, शनिवार

राखीपौर्णिमा. बहिरू आला. हिने ओवाळलं. तो म्हणाला, दाजी, तिकीट निघालं का नाय? निघतंय म्हणालो. दोन म्हैने लय झाले, आमच्याकडं टमाटा निघून मार्केटला जातो एवढ्यात, असं म्हणाला. मग बहीण-भाऊ एकमेकांकडे बघून हसले. माहेरची माणसं.

पण आज दुपारी मला जे सापडलं ते मनीषाला जन्मात सापडणार नाही. मुंबईहून शोधलं तर सीट दिसत नाही. दिल्लीहून शोधलं तर दिसते! दिल्ली–मुंबई–इस्तंबूल–डब्लिन. तेच विमान, तीच सीट. फक्त तिकीट दिल्लीपासून घ्यायचं. दिल्लीला जातो कोण? मुंबईला चढायचं. नाशिकरोडचं रिझर्व्हेशन असताना आपण इगतपुरीला चढतोच की. टीसी काही म्हणत नाही.

अंगावर काटा आला. आपल्या डोक्याचं काहीतरी व्हायला हवं होतं.

१२ ऑगस्ट, मंगळवार, दुपारी ३.०५

तिकीट पडलं!! तेरा आकडी नंबर. लग्न लागलं.

दिशाने फोनवर दोनदा सांगितलं की काका, दिल्लीहून बसावंच लागेल, पहिला टप्पा सोडला तर पुढचं सगळं आपोआप रद्द होतं. तिला तसं सांगावंच लागतं, कॉल रेकॉर्ड होतो. मी पण रेकॉर्डसाठी हो म्हणालो.

ग्रुपवर तेरा आकडे टाकले. सौ.ला सांगितलं, इस्तंबूलला दोन दिवस आपण दोघंच. हिने थोडा वेळ माझ्याकडे बघितलं आणि डिंक तळायला घेतला. भावना व्यक्त करायची तिची पद्धत वेगळी आहे.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पोळा. सकाळी एअरलाइनचा मेल: प्रवाशांचे पासपोर्ट तपशील भरा. माझे भरले. मग हिचा पासपोर्ट मागितला. पहिल्यांदाच उघडला.

त्यावर फोटो हिचा. नाव सुवर्णा.

तिकिटावर दीपमाला.

दीपमालाच आहे ही. सुवर्णा हे माहेरचं. लग्नात ताम्हनातल्या तांदळावर मी स्वतः अंगठीने दीपमाला लिहिलं आहे. तीनशे माणसांसमोर. दुकानाची पाटी ‘दीपमाला इरिगेशन’. द्वारकेला कुणालाही विचारा.

पासपोर्ट ऑफिसची चूक आहे. सरकारी काम! कडक पत्राचा मसुदा केला.

२३ ऑगस्ट, शनिवार

पत्र पाठवलं नाही. सौ. म्हणाली चूक नाही. शाळेचा दाखला सुवर्णा, आधार सुवर्णा, बँक सुवर्णा, मतदान सुवर्णा. मी म्हणालो, अगं पण तांदळात लिहिलं होतं. ती म्हणाली, ते तांदूळ आत्यांनी, म्हणजे माझ्या आईने, दुसऱ्या दिवशी खिचडीत टाकले.

आईला विचारलं. आई म्हणाली, मग काय टाकून देणार होते?

मग तू मला एकोणतीस वर्षं सांगितलं का नाहीस, असं विचारलं. सौ. म्हणाली, तुम्ही नाव घेऊन हाक मारली असती तर सांगितलं असतं. यावर मी विचार केला. मी हाक मारतो ती ‘अगं’ अशी. आई म्हणते वैष्णवीची आई. खरंच, या घरात दीपमाला असं कुणी म्हटल्याचं आठवत नाही. पाटीवर वाचलेलं तेवढं.

२५ ऑगस्ट, सोमवार

दिशा. होल्ड एक तास चार मिनिटं. स्पेलिंग चुकलं असेल तर दोन-तीन अक्षरं दुरुस्त होतात. पूर्ण नाव बदलत नाही. एअरलाइनच्या दृष्टीने ती दुसरी बाई. मी म्हणालो, दुसरी बाई नाही हो, मला एकच आहे. ती म्हणाली, काका, माझं ऐका, काकूंचं तिकीट रद्द करून आजच दुसरीकडून काढा, तिकडे पोरगी वाट बघतेय. पासपोर्ट आणि तिकीट यांचं नाव जुळल्याशिवाय त्यांना कुणी आत सोडणार नाही.

जुळल्याशिवाय. हा मुद्दा तिने बरोबर मांडला. तिकिटाचं नाव बदलत नसेल तर पासपोर्टचं बदलता येईल. माणसाचं नाव बदलायची सरकारने सोय करून ठेवली आहे. राजपत्रात छापून येतं. उतारा घेतला की पासपोर्ट तत्काळमध्ये.

दिवस आहेत नऊ. त्यातले तीन गणपतीत जातील. हत्ती गेला आहे, शेपूट तेवढं राहिलं आहे.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. विघ्नहर्त्याला सगळा रूट सांगितला.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

कोर्टासमोर जाऊन प्रतिज्ञापत्र टाइप करून आणलं. ‘मी सुवर्णा, यापुढे दीपमाला या नावाने ओळखली जाईन.’ दोन फोटो, इथं सही, इथं अंगठा. टेबलावर ठेवलं, पेन उघडून दिलं.

सौ.ने चष्मा लावून पूर्ण वाचलं. पेनचं टोपण लावलं. म्हणाली, आडनाव तुमचं लावते, मधलं नाव तुमचं लावते, दुकानाला पाटी लावलीत तेव्हाही काही बोलले नाही. माझ्या बापाने ठेवलेलं हे एवढंच उरलंय. एका तिकिटासाठी नाही देणार.

आवाज चढवला नाही. उठून कुकर लावला.

स्टॅम्पपेपर वाया गेला. हिला व्यवहार कळत नाही असं लिहिणार होतो. लिहिलं नाही. बरोबर बोलली ती. पण मग तिकीट?

३१ ऑगस्ट, रविवार

गौरी आल्या. दीपमालाचं तिकीट माझ्या तिकिटापासून वेगळं करून घेतलं. अजून रद्द केलेलं नाही, न जाणो. सुवर्णाच्या नावाने पॉइंटवर सीट शोधली. अठ्ठावीस सप्टेंबरला आहे. वीसला बाळ.

दुकान तीन दिवस बंद आहे. वैष्णवीचा फोन आला तो मी घेतला नाही. काय सांगणार होतो? पोरगी तिकडे एकटी, दिवस भरत आलेले, आणि मी हिला पाठवू शकत नाही. हे सगळं माझ्यामुळे झालं हे मला कळतंय. उद्या मनीषाकडे जाणार. काय असेल ते देणार आणि हिचं तिकीट काढणार. ती हसली तर हसू दे.

१ सप्टेंबर, सोमवार

मनीषाकडे गेलो. जिना चढताना तीनदा थांबलो. म्हणालो, सुवर्णाच्या नावाने तीन तारखेचं तिकीट पाहिजे, कितीही लागो.

मनीषा हसली नाही. म्हणाली, काका, काकू घरी काही बोलल्या नाहीत का? काय, म्हणालो. विसर्जन झालं की त्यांनाच विचारा, असं म्हणून तिने चहा मागवला.

बहुतेक सीट अवघड आहे. काकूंशी थेट बोलणार असेल. चहा चांगला होता.

२ सप्टेंबर, मंगळवार, संध्याकाळी ७.४०

गौरी गेल्या. सौ.ने देवघराच्या खणातून कागद काढला. मुंबई ते डब्लिन, मध्ये एक थांबा. तीन सप्टेंबर, दुपारी साडेचार. नाव सुवर्णा. सीट खिडकीची.

कधी काढलं, विचारलं. नऊ जूनला, म्हणाली. तुम्ही फुकट म्हणालात ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. तारीख आत्यांना विचारून घेतली. फुलपुडीचे पैसे होते.

सगळ्यांना माहीत होतं. आईला, बहिरूला, मनीषाला, डब्लिनला. मला का सांगितलं नाही? तर म्हणाली, तुम्ही बदललं असतं.

पहिल्यांदा राग आला. तो साधारण दहा मिनिटं टिकला. मग एकदम हलकं वाटलं, कारण ती जाणार आहे. वैष्णवीला फोन केला. ती म्हणाली, पप्पा, रडताय का? नाही म्हणालो, गौरींचा धूर आहे.

असो. परिस्थितीचा आढावा: सौ. सरळ जातेय. माझं तिकीट शाबूत आहे. मुंबईहून दुपारी साडेतीन, व्हाया इस्तंबूल. दोन दिवस इस्तंबूल बघून मी सहाला पोचतो. एकाच गाडीत जाऊ. म्हणजे माझं नियोजन निम्मं यशस्वी.

३ सप्टेंबर, बुधवार

गाडीवाल्या नाथाची एर्टिगा साडेसातला दारात. आईने दोघांच्या हातावर दही दिलं. इगतपुरीला पाऊस, धुकं, नेहमीचं. मी सौ.ला म्हणालो, माझं दिल्लीचं विमान आत्ता सुटलं असेल, आणि मी बघ इथं. सोपी युक्ती आहे. समृद्धीच्या लांब बोगद्यात शिरताना फोन वाजला. बोगद्यात रेंज गेली, मग विसरलो.

विमानतळावर हिची रांग वेगळी, माझी वेगळी. माझ्या काउंटरवरच्या मुलीने नाव टाकलं, पुन्हा टाकलं. म्हणाली, सर, तुम्ही दिल्ली-मुंबई प्रवास केला नाही, त्यामुळे पुढचं रद्द झालंय. सकाळी मेसेज आला असेल. मी तिला नाशिकरोड आणि इगतपुरी नीट समजावून सांगितलं. तिने वरिष्ठांना बोलावलं. त्यांनाही इगतपुरी सांगितली. ते म्हणाले, सर, विमान इगतपुरीला थांबत नाही.

दिशाने सांगितलं होतं. दोनदा. हो म्हणालो होतो.

सौ.चं झालं होतं. डिंकाचे, अळिवाचे, मेथीचे लाडू धरून बॅग बरोबर वजनात. तिच्या पासपोर्टकडे आणि तिकिटाकडे माणसाने एकदाच बघितलं आणि शिक्का मारल्यासारखी मान हलवली. मी तिच्याजवळ जाऊन म्हणालो, माझ्यात थोडा टेक्निकल प्रॉब्लेम आहे. ती म्हणाली, हो. पिठलं-भाकरी डब्यात आहे, उद्यापर्यंत पुरेल. आत्यांना आडगावला उद्या सोडायचं म्हणाले होते, ते नका सोडू, तुम्हाला सोबत होईल. फुलपुडीची यादी देवघरात समईखाली आहे. बहिरूला सांगितलंय फुलं रोजच्यासारखी टाक म्हणून.

म्हणजे घरून निघतानाच तिने मला परत आलेला धरला होता.

सुवर्णा, नीट जा, म्हणालो. ती दोन पावलं पुढे गेली होती, वळून मागे दुसरं कुणी आहे का ते बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. डोळे भरले तिचे. माझेही. एसी फार ठेवतात तिथं. मग ती आत गेली आणि एकदाच हात केला. एकोणतीस वर्षांत हिला कुठंतरी घेऊन जायचं होतं मला, आणि ती माझ्यासमोरून एकटी निघून गेली, जराही न अडखळता. वाईट वाटलं. अभिमानही वाटला. दोन्ही लिहून ठेवतो, कुणी वाचणार नाही.

आत शिरलेल्या माणसाला बाहेर पडायला तिथं वेगळी नोंद करावी लागते. चार सह्या.

नाथा पार्किंगमध्येच होता. काकूंनी थांबायला सांगितलं होतं म्हणे. इगतपुरीला चहाला थांबलो. तुम्ही काकूंना सोडायला आला होता का, असं त्याने विचारलं. माझ्या बॅगेकडे बघून विचारलं.

हो म्हणालो.

५ सप्टेंबर, शुक्रवार

ती पोचली. लाडू अडवले नाहीत. दीपमालाच्या नावाने एअरलाइनचा मेल आला: तुमचा प्रवास कसा झाला? तिची सीट मी रद्द करायला विसरलो. दिल्ली ते मुंबई ती रिकामीच गेली. पाचपैकी पाच तारे दिले. उगाच त्या दिशाच्या पगारावर यायला नको.

काही पॉइंट परत मिळतील असं दिसतंय. मुदत दोन वर्षं. सौ.ची परत यायची तारीख पाच डिसेंबर आहे. तिला म्हणालो, परतीचं इस्तंबूलवरून फिरवून देऊ का, मी समोरून तिथं येतो. ती म्हणाली, हात लावू नका.

१२ सप्टेंबर, शुक्रवार, सकाळी ८.१५

काल दुपारी नात झाली. नऊ दिवस आधीच. सौ. खोलीत होती, वैष्णवीचा हात धरून. म्हणाली, अठ्ठावीसची वाट बघत बसले असते तर? आईने पेढे आणायला पाठवलं.

आज फुलपुडीचा नववा दिवस. सकाळी साडेसहाला निघालो. पुडीचा दोरा अजून सुटतो माझा. यादी हिच्या अक्षरात आहे: तुळस कुणाला, दूर्वा कुणाला, कुणाच्या घरी लाल फूल चालत नाही. साठ घरं. एकाही घरी चूक नाही. मी आजपर्यंत कुठलाही रूट एवढा नीट लावलेला नाही.

तिसऱ्या मजल्यावर त्याच बाईंनी दार उघडलं. मी बी विंगला पाठवलं होतं त्याच. पुडी घेतली, मला न्याहाळलं. सुवर्णाताईंचे तुम्ही कोण, असं विचारलं.

मिस्टर, म्हणालो.

अच्छा, ते पॉइंटवाले का, म्हणाल्या.

हो म्हणालो. त्या म्हणाल्या, सोमवारी दोन बेलाची पानं जास्त टाका. यादीत लिहून घेतलं.